हिराजीकाकांचं इमान

गोडाऊनमध्ये आलेला माल कधी ना कधी निघून जातो, किस्से मात्र एकदा आले की जागा अडवून बसतात. दापोड्याला मी सुपरवायझर होतो तेव्हाचे माझ्याकडचे बरेचसे किस्से तर गोडाऊनचे नाहीतच. ते आमच्या शेठच्या विमानपट्टीचे आहेत.

हो, विमानपट्टी! खारबावच्या पुढे शेठचा मोठा फार्म होता, तिथे हौसेनं बांधलेली. परवानगी काही मिळाली नाही. शेठची हौस फिटली आणि ते फार्मवर फिरकायचेच बंद झाले. उरले वॉचमन हिराजीकाका, आणि दर महिन्याला त्यांचा पगार घेऊन जाणारा मी.

पट्टी बांधताना काकांनी गावभर सांगून ठेवलं होतं, "आपल्या गावान इमान उतरनार हाय." विमानाला तिकडे इमानच म्हणतात. ते काही उतरलं नाही, आणि काकांचं इमान हा नाक्यावरचा रोजचा विनोद होऊन बसला. "हिराजी, इमान कवा येल?" कुणीही विचारायचं. काका म्हणायचे, "येल." थट्टा त्यांना लागायची. तरी रोज सकाळी ते आख्खी पट्टी झाडून काढायचे. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

* * *

एकदा शेठना अचानक पट्टी आठवली. फोन आला, "हिराजी, रनवे साफ है ना?"

त्या वेळी सगळ्या गावाचं भात तिथे पसरलेलं होतं. काका बिनदिक्कत म्हणाले, "एकदम साफ हाय शेठ. एक खडा गावायचा न्हाय."

फोन ठेवून माझ्याकडे वळले, "खडा असता तं भात कोन वालत घालील?"

* * *

टेमघरचा माझा दोस्त अन्वर, त्याचे कापड विणायचे लूम होते. त्यानं गाडी घेतली आणि मी त्याला पट्टीवर शिकवायला नेलं. समोर ना माणूस ना म्हैस. पठ्ठ्या आठवड्यात तयार झाला.

मग एकटाच रस्त्यावर निघाला आणि पहिल्याच वळणाला थेट खाचरात. मी धावत गेलो. अन्वर स्टेअरिंग धरून शांत बसला होता.

"मोडना भी रहता है क्या? तूने बताया नहीं."

* * *

वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी फाटली. अन्वरनं लूमवरचं कापड दिलं, काकूंनी नवी शिवली. वारा सुटला तशी ती दुधी भोपळ्यासारखी टम्म फुगली. काकूंनी पिशवीचं मागचं तोंड शिवून टाकलं होतं.

मी म्हटलं, "काकू, ते उघडं ठेवायचं असतं."

"दोनी बाजूंनी उघरी? तिला काय पिशवी बोलतान?"

* * *

काकांच्या मुलीचं, मनीषाचं लग्न पट्टीवरच लागलं. लांबलचक मांडव, आख्खं गाव हजर. व्याही थट्टेखोर माणूस. आदल्या दिवशी हळदीत त्यांनी माइक हातात घेऊन विचारलं होतं, "व्याही, आमाला न्यायला इमान न्हाय धाडलाव?" गाव खो खो हसलं. काकाही हसले, पण चेहरा उतरला होता.

लग्न लागलं, पंगत बसली. काका स्वतः भात वाढत होते. तेवढ्यात खाडीच्या बाजूनं घरघर ऐकू आली. एक छोटं पांढरं विमान येत होतं, इतकं खाली की चाकं दिसत होती. ते पट्टीच्या टोकाला वळलं आणि सरळ आमच्याकडे यायला लागलं. वाढणाऱ्यांचे हात थांबले. नाक्यावरची सगळी मंडळी आ वासून बघत राहिली.

काकांनी पातेलं खाली ठेवलं आणि धावत सुटले. मला वाटलं, आनंदानं. ते पट्टीच्या मधोमध उभे राहिले आणि खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी जोरजोरात हलवायला लागले. जा, जा!

विमान वर उठलं, मांडवावरून गेलं, एक चक्कर मारली आणि मुंबईकडे निघून गेलं.

काका घाम पुसत परत आले. व्याही पानावरून अर्धे उठले होते. "अवो, उतरत व्हता ना तो! घालवलात कशाला?"

काकांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, पातेलं उचललं आणि त्यांच्या पानात भात वाढला.

"पंगत बसलीय ना. सांजला ये बोल्लो त्याला."