क्लेमंटरावांच्या बादलीचं पंक्चर

क्लेमंट सगडन यांनी जिन्याखालच्या कपाटात कुणाला तरी कोंडलंय आणि सकाळ-संध्याकाळ ते त्याला शिव्या घालतात, ही बातमी आमच्या गल्लीत मिसेस पिकल्सनी आणली. मी ती फक्त पावाच्या दुकानापर्यंत पोचवली. पण त्यांची-माझी भिंत एकच, तेव्हा खरं काय तेही सांगते. कपाटात बादली होती. पांढरी, प्लास्टिकची, पंचवीस लिटरची.

त्या बादलीत त्यांची बायको हेटी बीअर करायची. हेटीला जाऊन दोन वर्षं झाली. हॅलिफॅक्सच्या बस आगारात जन्मभर मेकॅनिक असलेल्या क्लेमंटरावांकडे त्या बीअरचं एकच खातं होतं, पिण्याचं. पण लेकीचं, लोर्नाचं, लग्न ठरलं आणि ती सहज बोलून गेली, "आईची बीअर असती तर." झालं. म्हाताऱ्याने हेटीची वही काढली, माल्ट उकळलं, यीस्ट घातलं. लग्नाला पाच आठवडे होते, म्हणजे एकच घाणा जमणार होता.

झाकणावर पाणी भरलेली वाकडी नळी असते. बीअर आंबायला लागली की आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो. तीन दिवस झाले, एक बुडबुडा नाही. शिव्या त्या नळीला होत्या.

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मी तज्ज्ञासारखं वाकून पाहिलं.

"यीस्ट मेलंय, क्लेमंटराव. ओतून द्या आणि दुकानातून पिंप मागवा."

मी स्वतः दोनदा बीअर केली होती आणि दोन्ही वेळा तिचा व्हिनेगर झाला होता, हे सांगायचं राहून गेलं.

ते पायरीवर बसले. "दुकानातली काय, कुणाच्याही लग्नात असते," एवढंच म्हणाले. मग आम्ही दोघांनी बादली उचलून मागच्या अंगणात गटारापाशी नेली. तिथे ते थबकले.

"वास येतोय."

"बीअरला वास येणारच."

"झाकण घट्ट आहे ना? मग वास येतोय कुठनं?"

घरात जाऊन त्यांनी भांड्यांच्या साबणाचा फेस आणि दाढीचा ब्रश आणला. टायर तपासावं तसा झाकणाच्या कडेने फेस लावत गेले. कडीच्या वर बोटभर जागेत फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"पंक्चर," ते म्हणाले. इतक्या प्रेमाने हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

बीअर ठणठणीत होती. झाकण तिथे जरा वाकलं होतं, म्हणून आतला वायू दार सोडून खिडकीतून पळत होता. मी झाकण उघडून बघायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली.

"हात लावू नकोस. हवा शिरली तर खरंच ओतून द्यावी लागेल."

मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून त्यांनी झाकणाभोवती ताणून बसवला. दहा मिनिटांनी नळीत बुडुक झालं. मग पुन्हा. क्लेमंटराव फरशीवर गुडघे टेकून मोजत राहिले. एकवीस बुडबुडे झाल्यावर त्यांना आठवलं, की आपले गुडघे दुखतात. उठवायला मीच लागले.

लग्नाच्या दिवशी लोर्नाने पहिला घोट घेतला. ग्लास रिकामा केला आणि बापापुढे पुन्हा धरला. क्लेमंटरावांनी तो इतका काठोकाठ भरला की थोडी बीअर तिच्या पांढऱ्या बाहीवर सांडली. तिने पुसलीसुद्धा नाही.

मला राहवेना. "बघा हं, क्लेमंटराव. मी तुम्हाला गटारापर्यंत नेलं नसतं, तर ते पंक्चर सापडलं असतं का? या बीअरमध्ये माझाही वाटा आहे."

त्यांनी मिशीचा फेस पुसला आणि ते म्हणाले, "बावीस वर्षं शेजारी राहून हेटीने तुला एकदाही सल्ला विचारला नाही, ग्लेनिस. म्हणून तिची बादली कधी गटारापर्यंत गेली नाही."