रतनकाकांचे चौदाशे ठसे

चिंचणीत दागिन्यांच्या डाया, म्हणजे नक्षी उमटवायचे पोलादी साचे, करणारी घरं पुष्कळ, पण पोलादात फूल उलटं खोदावं आणि ते सोन्याच्या पत्र्यात जिवंत उमटावं, ते रतनकाकांच्याच हातून, असं जुने सराफ अजून म्हणतात. सतराव्या वर्षी त्यांनी छिन्नी धरली आणि त्रेसष्टाव्या वर्षी, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा खाली ठेवली. पुढे ऑपरेशन होऊन नजर परत आली, पण हात थरथरायला लागला होता.

एवढ्या वर्षांत खोदलेली एकही डाय मात्र त्यांच्या घरात नव्हती. झाली की गिऱ्हाईक घेऊन जायचं. मागे राहायचा तो शिशावर दाबून घेतलेला नमुन्याचा ठसा. असे ठसे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेले होते आणि समुद्राच्या खाऱ्या हवेनं पांढरे पडत चालले होते.

सून जागृती नरपडची. तीही डायांचंच काम करते, पण कॉम्प्युटरवर. लग्न होऊन आली आणि तिनं ते डबे उघडले. तीन वर्षं खपून एकेक ठसा पुसला, त्याचा फोटो काढला, स्क्रीनवर रेघ न् रेघ उतरवली. चौदाशे भरले. काम संपलं तेव्हा काकांनी स्वतःच सगळं शिसं वितळवायला देऊन टाकलं. आता ते कशाला सांभाळायचं, असं त्यांना वाटलं.

मार्चमधल्या एका बुधवारी सकाळी गेलेली वीज परत आली ती जोरात आली. कॉम्प्युटरमधून टिकटिक ऐकू आली आणि स्क्रीन काळी झाली. वाणगावहून दुरुस्तीवाला दिपक आला. त्यानं यंत्र उघडून पाहिलं आणि हार्ड डिस्क गेल्याचं सांगितलं. कॉपी ठेवायची वेगळी डिस्क त्या वेळी तिथेच जोडलेली होती. तीही गेली होती.

काका ओट्यावर जाऊन बसले. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. आपणच आपल्या हातानं सगळं भट्टीला दिलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

जागृती बाहेर येऊन शेजारी बसली. "बाबा, अजून एक कॉपी आहे. नरपडला, आईच्या कपाटात."

घरात आग लागली, चोरी झाली, तर काय, म्हणून दर महिन्याला माहेरी जाताना ती एक डिस्क नेऊन ठेवायची आणि तिथली घरी आणायची. काकांना हे ठाऊकच नव्हतं. दुपारीच दोघं रिक्षानं नरपडला गेली. विहीणबाई गोदूबाईंनी लुगड्यांच्या घडीतून टॉवेलात गुंडाळलेली डबी काढून दिली. आत काय आहे ते त्यांना कळत नव्हतं, पण कपाटाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. येताना काकांनी ती वाटभर तळहातावर धरली. पत्त्यांच्या कॅटाएवढी. एका छिन्नीइतकंही वजन नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपकनं नवी डिस्क बसवली, डबी जोडली आणि काम सुरू केलं. स्क्रीनवर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. काका स्टूल घेऊन समोरच बसले. एकसष्ट टक्क्यांवर पट्टी अडली ती अर्धा तास हलेना. दिपकनं थांबा म्हणून नुसता हात केला. मग ती हलली.

दीड वाजता कॉम्प्युटर सुरू झाला. जागृतीनं 'बाबा' नावाचं फोल्डर उघडलं आणि कुयऱ्या, वेली, मोर, ठुशीचे मणी ओळीमागून ओळी दिसायला लागले. काका उठून उभे राहिले.

आयुष्यभर त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. ठशावरून ठसा घेतला की धार जाते. दुसरा पहिल्यापेक्षा मऊ, तिसरा त्याहून. इथे तर ठशाचा फोटो, फोटोवरून चित्र, चित्राची कॉपी आणि आता कॉपीवरून हे. कुठेतरी बोथट झालंच असणार. त्यांनी एक कुयरी मोठी करायला लावली. अजून मोठी. कुयरीतल्या पाकळीची कड स्क्रीनभर झाली, तरी रेघ जागृतीनं काढली होती तशीच, केसासारखी बारीक.

मग त्यांचं बोट एका पाकळीपाशी थांबलं. ती टोकाशी जराशी तुटली होती.

"जतीन झाला त्या दिवशीची ही," ते म्हणाले. "निरोप आला आणि छिन्नी सरकली."

आपल्या नवऱ्याच्या जन्माची ही खूण आहे, हे जागृतीला आजच कळलं. पाकळी नीट करायचं एकदा तिच्या मनात आलं होतं, पण बाबांच्या हातची म्हणून तिनं तशीच ठेवली होती.

काकांनी नुकत्याच आलेल्या त्या डबीवर हात ठेवला. ती कोमट लागत होती. "काहीच घासलं गेलं नाही," ते हळूच म्हणाले. "माझी चूकसुद्धा."

नरपडच्या गेल्या फेरीनंतर जागृतीनं केलेली नवी अकरा डिझाइनं मात्र गेलीच. ती तिनं पंधरा दिवसांत पुन्हा काढली. आता डिस्क महिन्याऐवजी दर रविवारी नरपडला जाते, आणि घेऊन जातात रतनकाका.