महाजन सरांचे सुलतान

आमच्या स्टाफरूममधला चहा पिण्यासारखा नसतो, म्हणून तिथे किस्सेच जास्त चालतात. त्यातले निम्मे महाजन सरांचे. सर धुळ्याकडचे, शिकवतात जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात, आणि विषय काय, तर इस्लामी समाजांचा इतिहास! केळी-कापसाच्या मुलखात एवढीच काय ती उणीव होती!

*

पीएचडी मिळाली तेव्हा सर पेढे घेऊन गावी गेले. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, सावकाश दोन पेढे संपवले आणि विचारलं, "पंधरा वरीस त्या सुलतानस्ना मांगे फिरना तू. एखादानी तरी तुले वळखं का?"

*

दर रमजान ईदला कोणीतरी सरांना विचारतंच, "शीरखुर्मा कुठाय?" गेल्या वर्षी मी विचारलं. मी भूगोल शिकवतो.

सर शांतपणे म्हणाले, "आम्ही तुमच्याकडे कधी ज्वालामुखी मागितलाय का?"

*

भुसावळला एका घरात जुने फारसी कागद असल्याचं कळलं. सर एसटीनं धावत गेले. तिथल्या चाचांनी पाणी दिलं, चहा दिला, कागद काही देईनात. "आप तो महाजन हैं. आपको इससे क्या लेना-देना?"

संध्याकाळी घरी परतले, तर घरमालकांनी जिन्यातच हटकलं, "सर, तुम्ही महाजन ना? मग तुम्हाला काय करायचंय त्यांचं?"

दोन्ही समाजांचं असं एकमत घडवून आणणारा अख्ख्या खान्देशात हा एकच माणूस!

*

यंदा मात्र आमचं हसू आटलं. "विद्यार्थी चार, उपयोग शून्य," असं म्हणत संस्थेचे अध्यक्ष नाना सरांचा विषयच बंद करायला निघाले. निर्णय सोमवारच्या मीटिंगमध्ये होणार होता. सरांची सगळी उमेद त्या विषयात. मला फार वाईट वाटत होतं.

शनिवारी नानांनीच सरांना घरी बोलावलं. सोबत मीही गेलो. नानांच्या देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेली एक फारसी सनद आहे. दर लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतात. वाचली कोणीच नव्हती. आता ती नानांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात छापायची होती.

"पूर्वजांचा पराक्रम आहे. वाचा मोठ्यानं!"

सरांनी हळद फुंकरीनं उडवली आणि दोनदा वाचून पाहिलं. "नाना, यात लढाई नाहीये. पिराच्या दर्ग्यात रोज दिवा लावायचा, त्या सेवेसाठी तुमच्या पूर्वजांना जमीन इनाम दिलीय."

 नानांच्या पत्नी अक्का म्हणाल्या, "मंग तो दिवा आते कोन लावस?"

नानांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सर, हे असलं अजून कोणाला वाचता येतं?"

सरांचा चेहरा उजळला. "जिल्ह्यात सध्या मला एकट्याला! पण दोन विद्यार्थिनी तयार होताहेत, नाना. वर्षभरात घडाघडा वाचतील!"

"असं का," नाना सनद पुन्हा फडक्यात बांधत म्हणाले. "मग सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? विषय आजच बंद करून टाकू."