मुनीर गात होता

पौषातल्या उतरत्या दुपारी भिवंडीच्या हवेत खळीचा आंबूस वास, तापलेल्या तेलाची धग आणि सुताची तरंगती धूळ एकमेकांत मिसळून जातात, आणि उन्हालाही एक जाडसर, मळकट पिवळेपण येते. त्या रविवारी मुनीरच्या दारात उभा असताना तो ओळखीचा वासही मला नकोसा झाला होता. खिशात दोन तिकिटे होती. आम्हा दोघांच्या तरुणपणावर ज्याचा आवाज पसरलेला होता तो आयरिश गायक, स्वतःची गाणी स्वतः रचून गाणारा, आता सत्तरी ओलांडून मुंबईत गायला आला होता. आणि मुनीरचे कान जात चालले होते. वडिलांच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात आयुष्य गेले त्याचे. उरलेले ऐकू येणेही हळूहळू जाईल, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते.

‘‘भाऊ, नका नेऊ त्यांना,’’ रुखसानाभाभी हलक्या आवाजात म्हणाल्या. ‘‘तिथं ऐकू नाय आलं, तर घरी येऊन कुणाशी बोलणार नाय. मला माहितीये ना.’’

एवढ्यात इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, कानात नवे यंत्र बसवून मुनीर बाहेर आला. ‘‘चल रे, टाइम झाला.’’

पूर्ण्याच्या गोदामांपाशी ट्रेलरच्या रांगेत गाडी अडकली, आणि मी सारखा घड्याळाकडे पाहू लागलो. मुनीर मात्र शांतपणे काचेवर बोटांनी ताल धरून होता. त्याचे मामू जहाजावर नोकरीला होते. कुठल्याशा आयरिश बंदरातून त्यांनीच ती कॅसेट आणली होती. मी शेलार गावाहून सायकल हाणत यायचो, आणि कारखान्याच्या माडीवरच्या खोलीत, खालच्या मागांनी थरथरणाऱ्या फरशीवर बसून आम्ही ती झिजेपर्यंत ऐकायचो. इंग्रजी धड कळत नसे. मुनीर कानाला लागतील तसे शब्द गायचा, त्यांतले निम्मे त्याचे स्वतःचेच असायचे. पण गळा असा की खालचे कारागीर जिन्यात येऊन उभे राहत.

पोहोचलो तेव्हा सभागृहातले दिवे मंदावत होते. रंगमंचावर एक स्टूल, एक गिटार आणि प्रकाशाच्या छोट्या वर्तुळात तो कृश म्हातारा. वरच्या सुरांना त्याचा आवाज फाटत होता, आणि त्या फटीतून पूर्वी कधी न जाणवलेले एक दुःख आत झिरपत होते. पण मी त्याला पाहतच नव्हतो. मी मुनीरचा चेहरा वाचत होतो. तो आक्रसत चालला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला तसा त्याने कानावर तळवा दाबला.

‘‘नुसता पत्रा वाजतोय,’’ तो मोठ्याने म्हणाला. दोन-चार माना वळल्या. ‘‘कानात लूम चालू झालाय. चल, घरी जाऊ.’’

मी अर्धवट उठलोही. तेवढ्यात गायकाची बोटे तारांवरून सावकाश उतरली, आणि बोटांची ती लय ओळखून मुनीर थबकला. ‘‘तेच? माडीवरचं गाणं?’’ मी होकारार्थी मान हलवली. त्याने यंत्र कानातून काढून खिशात टाकले, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने तो गाऊ लागला.

आठवणीतून गात होता तो, गायकाच्या किंचित मागे, आपला आवाज केवढा आहे याचे भान नसलेला; शब्दही त्याचे तेच, चुकलेले, माडीवरचे. पुढच्या रांगेतली बाई रागाने वळली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘‘अहो, सांगा ना जरा त्यांना.’’ लाजेने माझे कान तापले. त्याला थांबवायला हात पुढे झाला आणि तिथेच राहिला. तो आवाज आता त्यालाच ऐकू येत नव्हता. आणखी किती दिवस तो गायला धजेल, कोण जाणे.

‘‘शेवटचं कडवं आहे,’’ मी म्हणालो. ‘‘गाऊ द्या.’’

गायकाने मान उचलून अंधारात एकदा पाहिले. त्या पाहण्यात कौतुक होते की त्रासिकपणा, मला कळले नाही. तो गात राहिला. मुनीरही.

बाहेर संध्याकाळ खारट वाऱ्याने ओलसर झाली होती. फुटपाथवर मुनीरने विचारले, ‘‘मोठ्यानं गात होतो ना मी?’’

मी मान डोलावली.

‘‘मग गप्प का न्हाय केलंस?’’

‘‘ऐकत होतो!’’ मला ओरडावे लागले. चहाच्या टपरीवरची माणसे बघू लागली.

‘‘कसा होता?’’

‘‘तो? थकलाय आता.’’

‘‘अरे तो न्हाय. मी.’’

‘‘बेसूर!’’

तो पोट धरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग गाडीत बसल्यावर त्याने यंत्र पुन्हा कानात बसवले आणि खिडकीकडे न पाहता माझ्याकडे तोंड करून बसला. एकाएकी मला विलक्षण घाई झाली. याला ऐकू येते आहे तोवर कितीतरी सांगायला हवे होते, इतक्या वर्षांत न सांगितलेले. मी भरभर बोलू लागलो, आणि बोलत राहिलो ते रस्त्याविषयी, खड्ड्यांविषयी, कुठल्या वळणावर गर्दी कमी लागेल याविषयी. माझ्या ओठांवर नजर ठेवून मुनीर त्यातला एकेक शब्द लक्षपूर्वक ऐकत होता.