कराचीच्या घराचा वाटा

चैत्रातल्या त्या रविवारी मी स्वारगेटहून भोरच्या एसटीत बसले, तेव्हा कंडक्टरने दोनदा विचारलं, "ताई, कुठलं तिकीट?" आणि दोन्ही वेळा मी नुसती हसले. पन्नाशी उलटलेल्या बाईने असं करावं का? पण आजोबांच्या गावाला मी जन्मात पहिल्यांदा निघाले होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

थोडं मागचं सांगते. माझे आजोबा फाळणीच्या आधी गाव सोडून कराचीला गोदीत कामाला गेले. मध्येच सीमा आली आणि ते तिकडचेच झाले. बाबा, दादा, मी, सगळ्यांचा जन्म कराचीचा; घरात मात्र मराठी आणि पिठलं-भात. मी चौदा वर्षांची असताना आई मला घेऊन पुण्याला आश्रयाला आली. बाबा आणि दादा घर विकून मागोमाग येणार होते. ते मागोमाग अजून संपलेलं नाही. मला इथलं नागरिकत्व मिळालं, आई वाट बघत गेली, बाबांचा व्हिसाचा अर्ज दोनदा परत आला. आता बाबा ऐंशीचे झालेत. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाले, "तिसऱ्यांदा सही करणार नाही मी. तिथं आपल्याला ओळखतं कोण? कशाला उगाच लोकांच्या दारात उभं राहायचं?"

मी चिडले. म्हटलं, "थांबा, गावातच जाऊन बघून येते कोण ओळखतं ते!" म्हटलं खरं, पण आतून टरकले होते. कोणीच ओळखलं नाही, तर बाबांना काय सांगणार?

आजोबा पत्ता सांगायचे तो एवढाच: पासली, भोर संस्थान. म्हणून मी शहाणी थेट भोरला उतरले. बाजार बघितला, गरम भजी खाल्ली आणि ऐटीत डेपोच्या खिडकीशी जाऊन विचारलं, "पासलीची गाडी कुठे लागते? आजोबांनी पत्ता भोर संस्थान सांगितलाय."

खिडकीतल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पासली? आवो, संस्थान जाऊन जमाना झाला. पासली वेल्ह्यात. मागं नसरापूर फाट्याला जावा, तिथं वेल्ह्याची गाडी घावंल."

"पण तो फाटा तर मघाशीच गेला!"

"मग? आजोबाच्या पत्त्यावर निघाला की असंच व्हायचं."

आजूबाजूचे खो खो हसले. मीही हसले, करते काय! आल्या वाटेने परत फिरले.

वेल्ह्याच्या गाडीत मार्गासनीला सुमन नावाची बाई चढली आणि तीन पिशव्यांसकट माझ्या शेजारी बसली. पासलीची माहेरवाशीण, गावदेवीच्या जत्रेला निघालेली. बसल्या बसल्या तिने द्रोणातली करवंदं माझ्यापुढे केली. "खावा. तुमी कुठल्या?"

"पुण्याची. सहज गाव बघायला चाललेय."

कराचीचा क तोंडातून निघेना. आजकाल त्या नावासरशी माणसांच्या नजरा बदलतात, हे मी पुरतं अनुभवलंय. सुमनला मात्र माझा संशय बिंशय आला नाही. "मग जत्रंलाच चला की! पाव्हणं लागत्यातच आमाला," म्हणाली. पाहुणे लागतात म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

वेल्ह्यात गाडी बदलून पुढे निघालो आणि समोर तोरणा उभा राहिला. अहाहा! कराचीच्या दोन खोल्यांत बसून आजोबा हवेत बोटाने काढून दाखवायचे, तस्साच. खाली कोरडी भातखाचरं आणि मध्ये मध्ये काळे राब (रोपं टाकण्याआधी पालापाचोळा पेटवून भाजलेली जमीन). मी खिडकीला नाक लावून बसले होते. सुमन म्हणाली, "पुण्याच्या लोकांनी डोंगर बगितला न्हाई काय?"

देवळापुढच्या अंगणात सगळा गाव जमला होता. पळसाची पानं ओळीने मांडलेली, प्रत्येक पानावर जत्रेच्या बकऱ्याचं मटण आणि खोबऱ्याचा तुकडा. घराला एक वाटा. पागोटं बांधलेला एक म्हातारा, सगळे त्याला तात्या म्हणत होते, एकेका घराचं नाव घेऊन हाक देत होता. त्या घरचं माणूस "हाय!" म्हणून पान उचलायचं. मी कौतुकाने बघत होते. तेवढ्यात हाक आली.

"कराचीचं घर!"

आणि अख्खा गाव एका आवाजात म्हणाला, "यायचं हाय!"

मी सुमनचा दंड धरला. "हे काय?"

"त्ये व्हय? आमच्या भावकीतलं एक घर तिकडं गेलं, मदी शीव पडली, ऱ्हायलं तिकडंच. पर घर हाय तर वाटा हाय. दरसाल मांडायचा, हाक द्यायची आन् जत्रंला आल्याल्या परक्या मानसाला द्यायचा. औंदा तुमी हायसा!"

तोवर तात्यांनी ते पान माझ्या हातात ठेवलंसुद्धा. "घ्या पाव्हणं."

"तात्या, हा वाटा मला नका देऊ."

"का वो? मटान चालत न्हाई?"

"चालतं. पण हा परक्याला द्यायचा आणि मी परकी नाही. तुम्ही हाक दिलीत ते घर माझंच आहे."

तात्या जवळ आले. "आज्याचं नाव?"

"सखाराम. धाकट्या भावाला, गणूला, निजलेला सोडून निघाले होते. मरेपर्यंत तेच बोलायचे, उठवायला पाहिजे होतं म्हणून."

तात्यांनी माझं मनगट धरलं. "गणू माजा बाप. त्यो बी मरस्तवर तेच म्हनायचा, दादानं उठवलं न्हाई." मग एकदम ओरडले, "आरं बगता काय! पुतणी आली माजी!"

पुढचं काय सांगू! कोणी कुंकू लावलं, कोणी ओवाळलं, एका आजीने माझा गालगुच्चाच घेतला. मी रडत होते, हसत होते, हातातलं पान कसंबसं सांभाळत होते. सुमन म्हणत होती, "आन् म्हनं सहज गाव बगायला!"

बाबांना फोन लावायचा होता, पण गावात रेंज नाही. ती फक्त देवळाच्या चौथऱ्याच्या एका कोपऱ्यावर येते, म्हणून सगळी जत्राच त्या कोपऱ्याशी लोटली. तिसऱ्या खेपेला बाबा पडद्यावर दिसले, बनियनवर, दाढी वाढलेली. मी धापा टाकत सगळं सांगितलं; पान दाखवलं, हाक काय असते, उत्तर काय देतात तेही सांगितलं.

तात्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. राम राम नाही, काही नाही. घसा खाकरून मघासारखीच हाक दिली, "कराचीचं घर!"

लोक सवयीने बोलणार, तोच तात्यांनी हात वर केला. "गप. ज्याचं त्याला बोलू द्या."

बाबांचे ओठ हलले, आवाज येईना. मला वाटलं, मेली रेंज गेली! मग अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"यायचं आहे."

आणि लगेच मान वळवून दादाला, "अरे, तो अर्ज कुठे ठेवलास? पेन आण."

संध्याकाळच्या गाडीने परतले. मांडीवर सुमनच्या आईने बांधून दिलेला रश्श्याचा डबा आणि पर्समध्ये बाबांच्या व्हिसाच्या अर्जाला जोडायला तात्यांनी सही केलेला कागद: भाऊ आमच्याच घरी उतरेल. सध्या सीमेची दारं बंद आहेत, हे मला कळतं. अर्ज तिसऱ्यांदाही परत येईल कदाचित. पण बाबांनी सही केली. इतकी वर्षं मी कचेऱ्यांमधून त्यांच्यासाठी जागा मागत हिंडले आणि इथे ती दर चैत्रात मांडलेली होती, पळसाच्या पानावर.

पुढच्या जत्रेला मी जाणार. बाबा पोचले असतील, तर हाकेला तेच "हाय" म्हणतील. नसतील, तर सगळ्या गावाच्या आधी मी ओरडणार आहे, "यायचं हाय!"