पहिला दिवस मोजायचा नाही

दिवस मोजताना ते उजव्या हाताची करंगळी आधी दुमडून टाकत आणि पुढच्या बोटावर "एक" म्हणत. "पयलो दिस मोजूचो नाय." आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात हे वाक्य न ऐकलेला पक्षकार तुम्हाला क्वचितच भेटेल. एका वकिलांकडे ते कारकून होते, आणि माझे शेजारी.

ऐंशीनंतरच्या एका ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या वाडीतल्या रोझाबाई, निवृत्त शिक्षिका, एका मताने पडल्या. एकशे त्रेचाळीस विरुद्ध एकशे चव्वेचाळीस. मी त्यांच्या बाजूने मोजणीला बसलो होतो. मतपत्रिकांचे गठ्ठे पंचवीस-पंचवीसचे. त्यांचा एक गठ्ठा मला जाड दिसला. माझं कोणी ऐकलं नाही.

फेरमोजणीसाठी पंधरा दिवसांत कोर्टात अर्ज हवा होता. निकाल एक तारखेला, शनिवारी. अर्जाला लागणाऱ्या निकालाच्या नकला हातात पडल्या त्या सतरा तारखेला, सोमवारी. मुदत संपली, असा हिशेब मी सांगितला आणि रोझाबाई कोर्टातून परत निघाल्या.

"खंय चल्लात, टीचर?" कारकुनांनी करंगळी दुमडली. "निकालाचो दिस सोडा. पंधरावो काल पडलो, आयतवारी. कोर्टाक कुलूप. म्हणजे तो आज."

अर्ज दाखल झाला. मुदत टळली, अशी विरुद्ध उमेदवाराने हरकत घेतली. सुनावणीच्या सकाळी रोझाबाई पुन्हा पुन्हा बोटांवर दिवस मोजत होत्या.

"थांबा, देवाक सांगूया," म्हणत कारकुनांनी व्हरांड्यातच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या टीचरचो सतरावो दिस सायबाक पंधरावो दिसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा व्हरांडा म्हणाला. सर्वांत मोठा आवाज विरुद्ध उमेदवाराचा. गाऱ्हाण्याला होकार द्यायची लहानपणापासूनची सवय. वकिलाने कोपर मारलं, तेव्हा त्याला कळलं आपण कशाला हो म्हटलं ते.

साहेबांनी हरकत फेटाळली. फेरमोजणीत त्या जाड गठ्ठ्यात सत्तावीस मतपत्रिका निघाल्या. रोझाबाई एका मताने निवडून आल्या. त्यांनी नारळ-गुळाचा दोदोल वाटला, तेव्हा विरुद्ध उमेदवाराने दोन तुकडे उचलले. "एक गाऱ्हाण्याचो," म्हणाला.

पुढे काही वर्षांनी कारकून गेले. वहिनींनी बाराव्याला जेवायला बोलावलं होतं. मी दिवस मोजून गेलो, तर पानांवर गोडाचं वाढत होते.

"भावजी, बारावो काल झालो," वहिनी म्हणाल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या. "तुमका ह्यांनीच बिघडवल्यानी."

मी उंबऱ्यात उभा राहून हाताकडे पाहिलं. करंगळी दुमडलेलीच होती.