गिऱ्हाइकाची प्रत

लातूरच्या एमआयडीसीत छोट्या डाळ मिली बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मशीनची माहितीपुस्तकं लिहायचे. कॉम्प्युटरवर मूळ मजकूर एकच. त्यातल्या परिच्छेदांना 'गिऱ्हाईक' किंवा 'मेकॅनिक' अशी खूण लावायची, म्हणजे छापताना फिल्टर ज्याचं त्याला वेगळं करून द्यायचा. ज्याला खूण नाही ते सगळ्यांच्याच प्रतीत जायचं. ही व्यवस्था मी बसवली होती, आणि धोक्याच्या सूचनांना मुद्दाम कुठलीच खूण ठेवली नव्हती.

मालकांना ते रुचलं नाही. 'बटण बंद केल्यावरही चाक फिरत राहतं, लगेच झाकण उघडू नका,' या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"मॅडम, हे वाचून कोण मशीन घेईल? मेकॅनिकमध्ये टाका."

मी नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. माझा पासवर्ड बदलला, त्या ओळीला 'मेकॅनिक'ची खूण स्वतःच लावली आणि गिऱ्हाइकाची नवी प्रत माझ्याच टेबलावर आणून ठेवली. "बघा, किती सुटसुटीत झाली!"

उन्हाळ्यात आमचं मशीन घेतलेलं अहमदपूरकडचं एक जोडपं ऑफिसात आलं. नवऱ्याच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा उरला होता. मालकांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि मेकॅनिकची प्रत त्याच्यापुढे उघडली.

"इथून वाचा. मोठ्यानं."

तो अडखळत वाचू लागला. 'चाक फिरत राहतं' इथं आला आणि थांबला.

"पुढं वाचा ना."

त्यानं पूर्ण वाचलं. मग त्याची बायको म्हणाली, "आमच्या पुस्तकात हे न्हाई, साहेब. आमी दोघांनीबी वाचलंय."

"पान हरवलं असंल," मालक म्हणाले.

मी उठून उभी राहिले. "पान हरवलं नाही. तुमच्या प्रतीतून ही सूचना काढून टाकलीय."

मालक चिडतील असं वाटलं होतं. ते हसले. "पुस्तक ह्यांनीच लिहिलंय. काय गाळायचं, काय ठेवायचं, ती व्यवस्थाही ह्यांनीच बसवली. विचारा त्यांनाच."

बाई माझ्याकडे वळली. "तुमी काढलंत?"

मी खूण, फिल्टर, पासवर्ड असं काहीबाही सांगू लागले. तिला त्यातलं काही कळेना, आणि मालक मान डोलावत ऐकत राहिले, जणू मी गुन्हा कबूल करत होते. नवरा तोवर डाव्या हातानं चहाचा कप उचलायला बघत होता. चहा त्याच्या धोतरावर सांडला.

त्याच संध्याकाळी माझी नोकरी गेली. भोकरला आईकडे जाण्याआधी मी घडलं ते सगळं कागदावर उतरवलं, खाली सही केली आणि एसटीनं त्या जोडप्याचं गाव गाठलं. त्यांना वकिलाला दाखवायला उपयोगी पडेल, असं मनात होतं. दारात बाईच आली. तिच्या केसांवर तुरीचा भुसा होता. आत मशीन चालू होतं, आता ते तीच चालवायची.

मी कागद पुढे केला. तिनं हात लावला नाही.

"तुमचं लिवलेलं आता नगं आमाला," ती म्हणाली, आणि दार लोटून मशीनकडे गेली.